कुत्रीचा सव्वा महिना

भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात. भादव्याच्या नावाने मराठीत ज्या शिव्या आणि उपमा आहेत, त्या तिथूनच आल्या. कुत्रीचा गाभणकाळ साधारण त्रेसष्ट दिवसांचा असतो. हिशेब लावला, तर गावातल्या बऱ्याच कुत्र्या कार्तिकाच्या शेवटी नाहीतर मार्गशीर्षात व्यातात. बुलढाणा जिल्ह्यात हे दिवस कापूस वेचणीचे. तुरी शेंगांवर आलेल्या असतात. सोयाबीन निघून गेलेलं असतं आणि मळणी झालेल्या जागी कुटाराचे ढीग पडलेले असतात. घाटावर, म्हणजे चिखली-मेहकरकडे, रात्री शेकोटी लागते. घाटाखाली खामगाव-नांदुऱ्याकडे थंडी जरा कमी, पण पहाटेला तिथेही अंगावर काटा येतोच. अशा एखाद्या पहाटे कुटाराच्या ढिगामागून, पडक्या गोठ्यातून किंवा रस्त्यावरच्या मोरीखालून बारीक कूं-कूं ऐकू येते आणि कुणीतरी पोरगं घरी येऊन सांगतं, "कुत्री व्याली!"

यानंतर काय होतं, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पोरं घरोघर जातात. एका घरून वाटीभर पीठ, दुसऱ्या घरून गुळाचा खडा, तिसऱ्या घरून तेल. कुणाच्या तरी चुलीवर शिरा होतो. तो टोपल्यात नाहीतर फुटक्या थाळीत घालून कुत्रीपुढे ठेवतात. पोरांनी उगाच पिल्लं उचलली, तर एखादी आजी ओट्यावरून ओरडते, "अरे, बाळंतीण हाये थे! नोका सतावू तिले!"

मला या प्रसंगातला सगळ्यात मोलाचा भाग शिऱ्यापेक्षा तो शब्द वाटतो. बाळंतीण. एरवी 'कुत्री' ही आपल्या भाषेतली शिवी आहे, आणि ती बाईलाच दिली जाते. गाय, म्हैस, कुत्री 'व्याते'. 'बाळंत' फक्त बाई होते. पण त्या चार दिवसांपुरती आजी भाषेचा नियम मोडते आणि कुत्रीला बाईच्या रांगेत बसवते. तिने काही तत्त्वज्ञान वाचलेलं नसतं. जिने आत्ताच जन्म दिलाय तिला खायला घालायचं, निवांत पडू द्यायचं आणि त्रास द्यायचा नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक असतं.

प्रश्न त्यानंतरचा आहे. चार-पाच दिवसांनी शिरा बंद होतो. पोरं शाळेला लागतात. पिल्लं डोळे उघडून रांगायला लागतात आणि मग आठ-पंधरा दिवसांत गल्लीची भाषा बदलते. "लय झाली कुत्री." एक दिवस कुणीतरी पिल्लांना पोत्यात भरतं आणि मोटरसायकलवरून गावाबाहेर सोडून येतं. ज्यांनी शिरा केला तेच लोक असतात हे. वाईट लोक नसतात. मग आपण त्या कुत्रीचं नेमकं काय देणं लागतो? शिऱ्याएवढं? काहीच नाही? की शिऱ्यापेक्षा जास्त?

माया आधी संपते, गरज नंतर येते

नीतीचा प्रश्न सोडवण्याआधी शरीराचा हिशेब बघू. बरेचदा अर्धं उत्तर तिथेच असतं.

पिल्लं झाल्यावर पहिले काही दिवस कुत्रीला काळपट-हिरवट स्राव होतो. तो पुढे लालसर तपकिरी होत जातो आणि काही आठवडे थोडाथोडा चालू राहतो. हे नैसर्गिक आहे. पण त्याला घाण वास येऊ लागला, कुत्री सुस्त पडली, खाईना, पिल्लांकडे बघेना, तर गर्भाशयात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. एखादी कास दगडासारखी कडक, लाल आणि गरम झाली, ती पिल्लांना पाजू देईना, तर तो कासदाह. गायी-म्हशीचा दगडी रोग शेतकऱ्याला माहीत असतो. कुत्रीलाही तसाच आजार होतो, हे फार कुणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र उशिरा येतो. पिल्लं दोन ते चार आठवड्यांची होतात, तेव्हा ती सगळ्यात जास्त दूध पितात आणि त्यांनी खरं अन्न अजून नीट धरलेलं नसतं. या काळात आईला नेहमीच्या दुप्पट ते चौपट खाणं लागतं. पिल्लं जितकी जास्त तितकं अधिक. दुधावाटे कॅल्शियम इतक्या वेगाने जातं की काही कुत्र्यांच्या रक्तातली त्याची पातळी एकाएकी घसरते. कुत्री बेचैन होते, धापा टाकते, पाय ताठ करून चालते, थरथरते, पडते, झटके येतात. लहान चणीच्या आणि जास्त पिल्लं असलेल्या कुत्रीत हे अधिक दिसतं. डॉक्टरने शिरेतून कॅल्शियम दिलं तर ती तासाभरात उठून बसू शकते. नाही दिलं तर मरते. यावर उपाय म्हणून गाभणपणातच कॅल्शियमच्या गोळ्या चारणं हा उलटा धंदा आहे. बाहेरून आयतं मिळत राहिलं की हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची सवय मंदावते आणि ऐन वेळी ती धोका देते.

आता आपल्या शिऱ्याचं वेळापत्रक यापुढे ठेवून बघा. शिरा पहिल्या चार दिवसांचा. खरी गरज तिसऱ्या-चौथ्या आठवड्याची. आपली माया जेव्हा आटते, नेमकी तेव्हा तिची भूक शिगेला पोचते. त्याच सुमारास आपण तिला उकिरड्यावर तोंड घालताना बघतो, आणि 'लय हावरट कुत्री आहे' म्हणून दगड मारतो.

शिऱ्याविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. पीठ-गूळ-तेल यातून ताकद मिळते, पण प्रथिनं फारशी मिळत नाहीत, आणि तेल फार झालं तर तिला ढाळ लागते. दुधात किंवा पातळ वरणात कुस्करलेली भाकर, उकडलेलं अंडं, थोडं दही, बिनकांद्याचा रस्सा हे जास्त कामाचं. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. शिजवलेल्या कोंबडीची हाडं चिरफळून घशात किंवा आतड्यात रुततात. आणि सगळ्यात सोपी, सगळ्यात विसरली जाणारी वस्तू म्हणजे पाणी. दूध पाण्यातूनच होतं. थंडीत पक्ष्यांसाठीसुद्धा कुणी भांडं ठेवत नाही, कारण पाण्याची आठवण आपल्याला उन्हाळ्यातच येते.

माणसाच्या बाळंतिणीसाठी आपल्याकडे मोजमाप ठरलेलं आहे: सव्वा महिना. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाजेखाली शेक, डोक्याला बांधलेला रुमाल आणि बाहेरच्या कामाला सुट्टी. यातल्या काही चाली कालबाह्य झाल्या असतील, पण मोजमाप शहाणपणाचं आहे. योगायोग असा, की कुत्रीलाही जवळपास तेवढेच दिवस लागतात. पिल्लं चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न चाटू लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांत दूध सुटतं. आजीने तिला बाळंतीण म्हटलं ते बरोबरच होतं. आपण फक्त शब्द घेतला, मुदत घेतली नाही.

ती आपल्याजवळच का येते?

"ती कुणाची आहे? कुणाचीच नाही. मग आपण का करायचं?" हा पहिला आक्षेप. यात एक शब्दाची गफलत आहे. जंगलातला कोल्हा कुणाचाच नाही. गावातली कुत्री सगळ्यांची आहे, आणि सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, ही आपल्या सार्वजनिक जीवनाची जुनी खोड आहे. सार्वजनिक नळ, सार्वजनिक शौचालय, सार्वजनिक कुत्री. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी अशा कुत्र्यांसाठी 'सामुदायिक प्राणी' असा शब्द वापरला. 'भटकं' म्हटलं की दोष कुत्र्याकडे जातो. 'सामुदायिक' म्हटलं की बोट समुदायाकडे वळतं.

आयसर कोलकाता या संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये मोकळ्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्यांना दिसलं, की व्यायला आलेली कुत्री माणसांपासून लांब जात नाही. ती माणसांच्या वस्तीजवळची जागा निवडते. आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात ३६४ पिल्लांचा माग काढला, तेव्हा सात महिन्यांची होईपर्यंत फक्त १९ टक्के जगली. मेलेल्यांपैकी ६३ टक्के मृत्यूंमागे कुठल्या ना कुठल्या रूपात माणूस होता. गाडीखाली येणं, मारणं, विष, उचलून नेणं.

हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले, की नीतीचा प्रश्न समोर उभा राहतो. ती आपल्याला सुरक्षित समजून आपल्याजवळ येते, आणि तिच्या पिल्लांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण आपणच असतो. ती असं का समजते? कारण हजारो वर्षं आपणच तिला तसं घडवलं. राखणीसाठी, शिकारीसाठी, सोबतीसाठी कुत्र्याला लांडग्यापासून तोडून आपल्या उष्ट्यावर आणि आपल्या विश्वासावर जगणारा प्राणी केला. आजही वऱ्हाडात रोही आणि रानडुकरं पिकात घुसू नयेत म्हणून शेतकरी जागलीला जातो, तेव्हा त्याच्याबरोबर कुत्रं असतं. ज्याने कुणाला परावलंबी केलं, त्याला 'ती माझी कोण?' असं विचारण्याचा हक्क उरत नाही. स्यू डोनाल्डसन आणि विल किमलिका या कॅनडातल्या अभ्यासकांनी २०११ च्या 'झूपोलिस' या पुस्तकात हाच धागा ताणून म्हटलं, की माणसाळवलेल्या प्राण्यांना आपल्या समाजाचे घटक मानायला हवं. एवढं लांब जायचं नसेल, तरी गावकीच्या जुन्या रीतीत याचं बीज आहेच. खळ्यावर रास पडली की त्यात पाखरांचा, मागत्याचा, बलुतेदाराचा वाटा असे. कुत्र्याचा वाटा शेवटच्या भाकरीत असे.

पण हा वाटा कुणाला किती, यात आपण फार पक्षपाती असतो. टिपेश्वरचा टी१सी१ हा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घालून १३०० किलोमीटरहून जास्त चालत डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा त्याच्या प्रवासाचे नकाशे मोबाईलवर फिरले. त्याला जोडीदारीण मिळेल का, याची लोकांना काळजी लागली. ती काळजी खोटी नव्हती. पण त्याच अभयारण्याच्या कडेच्या गावातली कुत्री पाच पिल्लांना घेऊन पावभर खाण्यासाठी किती चालली, ते कुणी मोजलं नाही. बैलाला पोळा आहे, नागाला पंचमी आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लोक 'ढोरांचा दवाखाना' म्हणतात. त्या नावातच कोण रुग्ण आणि कोण नाही, ते ठरून गेलेलं असतं.

सरमेचा प्रश्न

महाभारताचा शेवट बहुतेकांना माहीत असतो: स्वर्गाच्या दारात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून आत जायला नकार देतो. आदिपर्वातल्या पौष्यपर्वाची सुरुवात मात्र फार कमी लोकांनी ऐकलेली असते. तिथे एक कुत्रीच आहे. आई असलेली कुत्री.

जनमेजय आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रावर सत्र करत असतो. तिथे एक कुत्र्याचं पोर येतं. भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. ती विचारते, तू काही आगळीक केली असशील. ते सांगतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, चाटलंही नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाते आणि राजालाच विचारते: याने काही अपराध केला नाही, मग याला का मारलं? ते काहीच उत्तर देत नाहीत. तेव्हा ती म्हणते, अपराध नसताना मारलंत, म्हणून तुमच्यावर न दिसणारं भय येईल. राजा घाबरतो आणि या पापाचं निवारण करणारा पुरोहित शोधत फिरतो.

या गोष्टीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, आई आधी पोरालाच दोष विचारते. म्हणजे ती आंधळ्या मायेने आलेली नाही, न्याय मागायला आलेली आहे. दुसरी, शाप मारण्याबद्दल तर आहेच, पण तो येतो उत्तर न मिळाल्यावर. तिने कारण विचारलं आणि कुरुकुलाच्या चार राजपुत्रांना ते देता आलं नाही. दया करायची की नाही, हा पुढचा मुद्दा. आधी उत्तर देणं लागतं.

आपल्या गल्लीतली कुत्री बोलत नाही. पण पोतं मोटरसायकलवर बांधताना ती मागे धावते. मग दोन-तीन दिवस त्याच जागेभोवती घुटमळते, तिच्या कासा भरून येतात, टणकतात, दुखतात. तो सरमेचाच प्रश्न आहे.

दुसरी बाजू हलकी नाही

आता समोरच्या आक्षेपांना खरी जागा देऊ, कारण ते खरे आहेत.

व्यालेली कुत्री चावते. पिल्लांच्या आसपास आलेल्या शाळकरी पोरावर, पहाटे झाडू मारायला आलेल्या कामगारावर, एसटी पकडायला निघालेल्या बाईवर ती धावून जाते. रेबीज एकदा लक्षणं दाखवू लागला की जवळपास हमखास मृत्यू. खायला घालणारे हात आणि चावा घेतलेले पाय बरेचदा एकाच माणसाचे नसतात. गच्चीवरून भाकरी टाकणाऱ्याला पहाटे पायी जावं लागत नाही. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं याला करुणा म्हणता येत नाही.

हा वाद नवा नाही. १९२६ मध्ये अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारात जमलेले साठ कुत्रे मारवले. ते पिसाळण्याची भीती होती. लोक चिडले आणि प्रश्न गांधींकडे गेला. अहिंसेच्या त्या पुरस्कर्त्याने साराभाईंची बाजू घेतली, आणि 'यंग इंडिया'तून लेखमाला लिहून आपली भूमिका मांडली. त्यांच्याकडे रागाच्या पत्रांचा ढीग लागला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: मोकाट कुत्री हे समाजाच्या दयेचं नव्हे, तर आळसाचं लक्षण आहे. कुत्र्यापुढे तुकडा फेकून पुण्य मिळवणं स्वस्त आहे. दया करायची तर त्याची पूर्ण जबाबदारी घ्या. पाळा, नाहीतर त्यांच्यासाठी संस्था चालवा. मारण्याच्या त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. तेव्हा नसबंदी आणि लसीकरणाची जी वाट नव्हती, ती आज आहे. पण तुकड्याबद्दलचं त्यांचं बोलणं आपल्या शिऱ्याला नेमकं लागू पडतं.

२०२५ मध्ये हाच वाद सर्वोच्च न्यायालयात पुन्हा पेटला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून, पिसाळलेली आणि आक्रमक वगळता, बाकीची मूळ जागी सोडा आणि खायला घालण्याच्या जागा ठरवून द्या. मग ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवण्याचे निर्देश आले. मोबाईलवर दोन फळ्या पडल्या, प्राणिप्रेमी आणि माणूसप्रेमी. जणू एकाच घरात दोन्ही असू शकत नाहीत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो. कुत्रीला सव्वा महिना म्हणता, पण बाईला तरी मिळतो का? २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. कापूस वेचणाऱ्या मजूर बाईचं आस्थापन कोणतं? तिची रजा म्हणजे बुडालेली मजुरी. तान्हं लेकरू बांधावर झोळीत टाकून वेचणी करणारी बाई या जिल्ह्यात कुणी पाहिली नाही, असं होणार नाही. तिच्यासमोर कुत्रीच्या कॅल्शियमवर लेख लिहिणं हा पोट भरलेल्यांचा चोचला नव्हे का?

यावर माझं उत्तर असं आहे. माया ही रेशनच्या गव्हासारखी ठरलेल्या कोट्याची नसते, की एकीला दिली म्हणून दुसरीची कमी झाली. उलट, दोन्हीकडे नकार देणारा विचार एकच असतो: जी कामाची, तिला खाऊ घाला. बाळंत झालेल्या शरीराला विसावा हवा, तो त्या शरीराची गरज म्हणून, त्याच्या उपयोगाचं बक्षीस म्हणून नव्हे. हे तत्त्व एकदा कुत्रीच्या बाबतीत 'तिचा काय उपयोग' म्हणून मोडलं, की पुढे ते कुठेही मोडता येतं.

आणि ते मोडलं जातंच. गल्लीतली पिल्लं कोण उचलून घरी नेतं, ते बघा. नर असेल तर लगेच गिऱ्हाईक मिळतं. मादी मागे राहते, कारण 'ती व्याणार, मग पिल्लांची कटकट'. आपला जिल्हा जिजाऊंच्या जन्माने पावन झालेला, म्हणून आपण अभिमानाने त्याला मातृतीर्थ म्हणतो. याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. कुत्री आणि मुलगी यांची तुलना करत नाहीये. निवडणारा हात आणि त्याची सवय, यांबद्दल बोलतोय.

पूर्ण शिरा

मग काय करायचं? मला वाटतं, शिरा बंद करायचा नाही, तो पूर्ण करायचा.

पूर्ण म्हणजे पाच-सहा आठवडे रोज थोडं खाणं आणि पाणी, तेही ठरलेल्या जागी. शाळेच्या दारात नाही, रस्त्याच्या मधोमध नाही. थंडीत एक कोरडं पोतं. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही, ती आईच्या अंगाचीच असते. पोरांना सांगायचं की लांबून बघा, पिल्लू उचलू नका, आणि कुणाला चावलीच तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. कुत्री थरथरताना किंवा घाण स्राव असलेली दिसली, तर घरातली गोळी न चारता पशुवैद्यकाला फोन करायचा. पशुपालकांसाठी असलेला १९६२ हा टोल-फ्री क्रमांक निदान विचारपूस करायला तरी वापरता येतो. पिल्लं दोन आठवड्यांची झाली की जंताचं औषध, सहा आठवड्यांनंतर लसी, तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस. आणि दूध सुटल्यावर आईची नसबंदी. नियमांनुसार ही जबाबदारी नगरपरिषद, ग्रामपंचायत अशा स्थानिक संस्थांची आहे. शिऱ्यासाठी घरोघर पीठ मागणारी पोरं मोठी होऊन नगरपरिषदेत एक अर्ज देऊ शकतात, तोही त्या शिऱ्याचाच भाग आहे.

इथे एक गाठ उरते आणि ती मला सुटत नाही. जिच्या आईपणाचा मान म्हणून आपण शिरा केला, तिचंच आईपण कायमचं थांबवायचं? तिला न विचारता? सोपं उत्तर असं, की तिची पाचातली चार पिल्लं अशीही मरतात, आणि दरवर्षी हाडं झिजवून मरणासाठी पिल्लं वाढवण्यापेक्षा हे बरं. ते उत्तर बरोबर आहे, मी तेच देईन. पण ते देताना हात अगदी स्वच्छ आहेत, असं मला म्हणवत नाही. पिल्लं मरतात ती बऱ्याच अंशी आपल्यामुळे, आणि म्हणून निर्णयही आपण घेतो. ज्याच्या हातात सत्ता आहे, त्याला कधीकधी दोन बरोबर गोष्टींतली एक निवडावी लागते आणि दुसरीचं ओझं वागवावं लागतं. ते ओझं जाणवत असेल, तर निदान आपण सरमेला उत्तर द्यायला उभे तरी राहिलो.

आजीने चार दिवसांसाठी दिलेला तो शब्द खरा मानायचा, तर मुदत पाळावी लागेल. या मार्गशीर्षातही कुटाराच्या ढिगामागे कुणीतरी व्याणार आहे. पहिल्या दिवशी शिरा घेऊन पोरं येतीलच, त्यांना सांगावं लागत नाही. पंचविसाव्या दिवशी, जेव्हा पिल्लांचा लळा ओसरलेला असेल, कुत्रीच्या बरगड्या दिसत असतील आणि तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नसेल, त्या दिवशी वाडगाभर पाणी आणि भाकर घेऊन कोण येतं, एवढंच आता बघायचंय.